जोलीनच्या अर्जावरची सही

१

एलियास बाका सापडला तो कालव्याच्या काठच्या झुडपांत, आणि ज्याने त्याला पहिल्यांदा पाहिले त्याला वाटले की कोणी दमून झोपले आहे. बटाट्याच्या काढणीच्या दिवसांत कॉटर खोऱ्यात माणसे कुठेही झोपतात. शाळांना काढणीची सुट्टी असते, पोरेसुद्धा ट्रकवर चढतात, आणि पहिले हिमकण पडण्याआधी जमिनीतला शेवटचा बटाटा वखारीत जाईपर्यंत कोणाच्याच पापणीला पापणी धड लागत नाही. पण बाका झोपला नव्हता. त्याची मांडी दोन ठिकाणी मोडली होती आणि सायकल कालव्याच्या पाण्यात पडली होती.

त्याला उडवणारी गाडी थांबली नव्हती. ती शोधायला मात्र शेरीफला कष्ट पडले नाहीत. लॅमार सोरेन्सन यांचा पांढरा पिकअप त्यांच्याच अंगणात, पुढचा दिवा फुटलेल्या अवस्थेत उभा होता. आणि सोरेन्सन दांपत्याकडे सरकारने सांभाळायला दिलेली सोळा वर्षांची मुलगी, जोलीन टेट, पायरीवर बसून म्हणाली होती, "मी चालवत होते."

विमा कंपनीने मायते उरीआर्तेला पाठवले ते निव्वळ कागद पुरे करायला. मायतेला निवृत्तीचे वेध लागले होते. गुडघे कुरकुरत होते, आणि माणसे तिच्याशी खोटे बोलतात याचा राग येणे तर केव्हाच थांबले होते. तिचे वडील दक्षिणेकडच्या माळांवर मेंढ्या राखीत; अशा खडीच्या रस्त्यांवर ती लहानाची मोठी झाली होती. खोऱ्यात शिरताच समोरून पहिला ट्रक आला आणि स्टिअरिंगवरच्या तिच्या हाताची दोन बोटे रामरामासाठी आपसूक उचलली गेली. ट्रकवाल्यानेही उचलली. शहरात इतकी वर्षे काढूनही ही सवय सुटली नव्हती.

वाटेत तिच्या साहेबांचा, गेल्डरचा, फोन आला.

"पोरीनं कबूल केलंय ना? मग संपलं. गाडीच्या विम्याची मर्यादा आहे तेवढे आपण द्यायचे आणि मोकळं व्हायचं."

"त्या माणसाच्या इस्पितळाला तेवढे पुरायचे नाहीत."

"पुढचं त्याचा वकील बघेल. मुलगी अल्पवयीन आहे. लायसन्सच्या अर्जावर ज्यानं सही केली, त्याच्या गळ्यात पडेल. मायते, आपला संबंध नाही."

सही केलेल्या बाईंचे घर गावाच्या टोकाला होते. ऑर्फा लिंडक्विस्ट या शाळेत गाडी चालवायला शिकवत असत; खोऱ्यातले निम्मे लोक त्यांच्या शेजारच्या आसनावर बसून रडले होते. सत्तरी ओलांडली होती, नवरा गेला होता, आणि मालकीचे म्हणावे असे ते बुटके विटांचे घर तेवढे होते. त्यांनी मायतेला बसवले, समोर पीचचा मुरंबा आणि पाव ठेवला.

"कॉफी नाही हं माझ्याकडे. आमच्या चर्चमध्ये चालत नाही."

"मी सवयीनं थर्मास घेऊन फिरते, बाई."

"मग काढा की. मला वास आवडतो. देवाला सांगू नका."

मायतेने थर्मास उघडला. जे सांगायचे होते ते वाईट होते, आणि वाईट गोष्ट आडवळणाने सांगितल्याने हलकी होत नाही, हे तिला ठाऊक होते.

"विम्याच्या वरची भरपाई तुमच्यावर येईल. हे घरसुद्धा जाऊ शकतं."

"माहीत आहे. सही करताना वाचलं होतं मी. चष्मा लावून."

"सोरेन्सननी का नाही केली सही? मुलगी त्यांच्याकडे राहते."

"परक्याच्या पोरीसाठी जमीन पणाला कोण लावणार? सरकार सांभाळायला देतं, पण सही कोणी करत नाही. मग ही पोरं अठराची होतात आणि कामाला जायला गाडी नाही." ऑर्फाबाईंनी पावावर मुरंबा पसरला. "बस नाही या खोऱ्यात. लायसन्स नसलं म्हणजे पाय नसल्यासारखंच."

"तुम्ही पत्र लिहून संमती मागे घेऊ शकता. झाल्या अपघाताचं ओझं उतरणार नाही, पण पुढचं तरी..."

"बाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "ती नीट चालवेल असं मी लिहून दिलं नव्हतं. ती चुकली तर मी आहे, असं लिहून दिलं होतं. आता चुकली म्हणून मागे घेऊ?"

मायतेने कप खाली ठेवला. दारापर्यंत पोचवायला आलेल्या ऑर्फाबाई उंबऱ्यात थांबल्या.

"एक मात्र कळत नाही. मी तिला शिकवलंय. घाबरली की ती ब्रेक दाबते. मांजर दिसलं तरी दाबते, परीक्षेत त्याचे गुण गेले तिचे. ती पोरगी माणसाला उडवेल एक वेळ, पण थांबणार नाही?"

२

गावात खाण्याची जागा एकच होती. मर्लीन नावाची बाई ती चालवायची, आणि तिच्याकडे बर्गरबरोबर सगळ्या खोऱ्याची बित्तंबातमी मिळे.

"ती जोलीन? शिष्ट आहे हो," बटाट्याच्या काचऱ्यांशेजारी गुलाबी सॉसची वाटी आदळत मर्लीन म्हणाली. "वर्ष होत आलं इथं येऊन. रस्त्यात समोरासमोर आलो की मी आपली बोटं उचलते. ही ढिम्म! पुतळा बसवलाय जसा गाडीत. बॉयसीसारख्या शहरातल्या पोरी, त्यांना काय माणुसकी."

"घाबरत असेल."

"घाबरायला मी काय अस्वल आहे? आमचा किप बघा. सोरेन्सनांचा थोरला. रस्त्यात कुत्रं आलं तरी त्याला नमस्कार करेल. धर्मप्रचाराला निघालाय पुढच्या महिन्यात, पॅराग्वेला. दोन वर्षं. चर्चमध्ये त्याच्या निरोपाची सभा ठरली, व्हर्लानं पावांची ऑर्डरही दिली मला. आणि अशात हे! बिचारी व्हर्ला."

मायतेने मनाशी नोंद केली ती फक्त बिचारी कोणाला म्हटले गेले याची. कालव्यात सायकल गेलेल्या माणसाचे नाव मर्लीनच्या तोंडी आले नाही.

सकाळी इस्पितळात ती बाकाला भेटून आली होती. दर काढणीला तो सोरेन्सनांच्या शेतावर येई, बायकोला आणि पोरांना दूर ठेवून. त्याला आठवत होते ते एवढेच: मावळतीचे ऊन आणि पांढरे काहीतरी. मग त्याने विचारले होते, "बाई, आमचं यंत्र बिघडलं होतं, दुरुस्त झालं का? काम थांबलं नसेल ना?" त्याला वेदनाशामक औषधाची गुंगी होती, तरी त्याला कामाची काळजी होती.

एल्डन हार्कर हा एकमेव साक्षीदार वखारीच्या दारात भेटला. त्याचा ट्रक रिकामा होत होता. बटाटे पट्ट्यावरून धडधडत आत जात होते आणि मातीचा धूर सगळ्यांच्या भुवयांवर बसला होता.

"चौकाच्या थोडं अलीकडे जोलीन भेटली मला," तो ओरडून सांगू लागला. "मी वखारीकडे येत होतो, ती पश्चिमेला चाललेली. मी बोटं उचलली, तिनं उचलली. दोघं आपापल्या वाटेनं."

"ऊन तुमच्या पाठीशी होतं?"

"हो. तिच्या डोळ्यांत. म्हणून तर दिसला नसेल बाका."

"तुम्हाला तिचा चेहरा दिसला?"

हार्करने टोपी मागे सारली. "चेहरा कसला दिसतोय? काच आरशासारखी चमकत होती. खाली स्टिअरिंगवरचे हात तेवढे दिसले. पण हल्ली तो पिकअप तीच चालवते ना. गाडी ओळखली की माणूस ओळखला. आमच्याकडे असंच आहे, बाई. मी बायकोलासुद्धा गाडीवरून ओळखतो."

"मग बायकोनं गाडी बदलली तर?"

"तर पंचाईत!" तो मातीने माखलेल्या दातांनी हसला. पुढचा ट्रक भोंगा वाजवत आला, आणि हार्कर वळला.

मायते गाडीकडे चालू लागली. अर्ध्या वाटेत तिचे पाऊल थबकले. मर्लीनच्या गुलाबी सॉसची वाटी तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि ती आदळताना मर्लीनने केलेली तक्रारही.

३

सोरेन्सनांच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर किपचा फोटो होता: काळा सूट, छातीवर नावाची पट्टी. खाली निरोपसभेची तारीख. व्हर्ला सोरेन्सन यांनी मायतेला खुर्ची दिली आणि स्वतः बसल्या नाहीत. लॅमार टेबलाशी हात पसरून बसले होते. त्या मोठ्या हातांत आता काही उरले नव्हते, इतके ते थकलेले दिसत.

"त्या दिवशी मी शेतातच होतो. यंत्राची साखळी तुटली होती. साक्षीला सगळे मजूर आहेत."

"आणि मी वखारीत, बटाटे निवडायला," व्हर्ला म्हणाल्या. "बायका होत्या बरोबर."

"किप?"

किप दारात उभा होता. एकोणीस वर्षांचा, उन्हाने रापलेला, देखणा. तो जमिनीकडे पाहत होता. उत्तर आईने दिले.

"झोपला होता. रात्रभर ट्रक चालवला होता पोरानं. साखळी आणायला जोलीनच गेली. गुणाची आहे हो ती, पण पोर आहे. घाबरली, पळाली. अल्पवयीन आहे, न्यायाधीश समजून घेतील. थोडी समाजसेवा करायला लावतील, झालं."

जोलीन टेबलाच्या कडेला बसली होती. दुधाचा पेला तिने दोन्ही हातांनी धरला होता. तिने जे सांगितले ते पाठ केलेल्या प्रार्थनेसारखे होते: साखळी घेतली, परत निघाले, ऊन डोळ्यांवर आले, धक्का बसला, घाबरले.

"वाटेत कोणी भेटलं?" मायतेने विचारले.

"चर्चमधले ब्रदर हार्कर." तिने व्हर्लाकडे पाहिले. "ट्रक घेऊन."

"त्यांनी बोटं उचलली असतील. इथे सगळे उचलतात."

"उचलतात."

"आणि तू?"

"मी नाही." पहिल्यांदाच त्या आवाजात पाठांतर नव्हते, उलट थोडा अभिमान होता. "मी कधीच हात सोडत नाही. लिंडक्विस्ट बाई म्हणाल्या होत्या, सगळं खोरं एका हातानं चालवतं, तू दोन्ही हातांनी चालव. त्यांनी माझ्यासाठी सही केलीय ना. सगळे मला शिष्ट म्हणतात. म्हणू देत. मी सोडत नाही."

"त्या दिवशीही नाही?"

"कधीच नाही."

ओट्याशी उभ्या असलेल्या व्हर्लांच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. "सोडला असेल गं एखादे वेळी! आठवत नसेल तुला."

जोलीनने वर पाहिले. आपण काहीतरी चुकीचे बोललो एवढे तिला कळले. काय, ते कळले नाही. दारात किपचा चेहरा मात्र भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता.

मायते हळूच उठली. गुडघा धरून ती म्हणाली, "किप, मला तो चौक दाखवशील का, बाळा? ऊन कलायला आलंय. या वयात मला उन्हात गाडी चालवता येत नाही."

४

किपने आईची गाडी काढली. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना उकरलेली काळी माती, आणि समोर सूर्य. काढणीचे ट्रक एकामागून एक येत होते.

"पॅराग्वेची भाषा शिकतोयस?" मायतेने विचारले.

"हो, बाई. स्पॅनिश. थोडी बाकाकडूनच." तो थांबला. "म्हणजे, शेतात काम करताना."

समोरून निळा ट्रक आला. किपच्या हाताची दोन बोटे वर झाली, खाली आली. मग पाण्याचा टँकर आला, बोटे उठली. कोणाची तरी जुनी मोटार आली, बोटे उठली. किप बोलत होता त्याच्या झोपेविषयी, आईविषयी, आणि त्याचा हात त्याला न विचारता सगळ्या खोऱ्याला रामराम करीत होता.

"किप, जरा गाडी हळू घे. तुझ्या हाताकडे बघ."

"काय?"

"ब्रदर हार्करना काचेतून चेहरा दिसला नाही. दिसली ती दोन बोटं, आणि गाडी ओळखीची. म्हणून त्यांनी जोलीनचं नाव घेतलं. पण जोलीन बोटं उचलत नाही. तिच्यावर सगळं गाव त्यासाठीच चिडलंय. पिकअपमध्ये बोटं उचलणारं माणूस याच मातीत वाढलेलं होतं. तुझे वडील यंत्राखाली होते, आई बायकांत होती. घरात उरलं कोण?"

किपने दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळले.

"दोन बोटांवरून मला तुरुंगात टाकणार तुम्ही?"

"नाही. बोटं न्यायालयात टिकत नाहीत. माझे साहेब तर हे ऐकूनही घेणार नाहीत. त्यांना कागद मिटवायचेत." तिने डोळे मिटले, ऊन पापण्यांतूनही लाल दिसत होते. "मी उद्या परत जाईन. जोलीननं चालवली असं लिहीन, तिनंच तसं सांगितलंय. आणि मग लिंडक्विस्ट बाईंचं घर जाईल."

"त्यांचं काय?" तो चटकन वळला. "त्यांचा काय संबंध? आई म्हणाली, अल्पवयीनाला काही होत नाही."

"अल्पवयीनाला होत नाही. तिच्यासाठी सही करणाऱ्याला होतं."

समोरून आणखी एक ट्रक आला. तो हार्करचा होता. हार्करने बोटे उचलली. किपचा हात अर्धवट उठला, आणि पुन्हा घट्ट बसला. चौक आला. त्याने ब्रेक दाबला आणि गाडी कालव्याच्या कडेला उभी राहिली.

"मलाही त्यांनीच शिकवलं," तो म्हणाला. "धडकलास तर थांब, म्हणायच्या. काहीही होवो, आधी थांब." त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकले. "मला वाटलं, वाळलेलं झुडूप असेल वाऱ्यानं आलेलं. खोटं. मला वाटलं नव्हतं तसं. मी आरशात सायकल पाहिली. मग फोटो आठवला फ्रिजवरचा. आईचा चेहरा. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचललाच नाही मी."

"आज उचललास."

तो दार उघडून खाली उतरला आणि झुडपांपाशी जाऊन उभा राहिला. मायतेने त्याला हाक मारली नाही. सूर्य पार बुडाल्यावर तो परत आला आणि म्हणाला, "शेरीफकडे सोडाल मला? माझ्यानं आता चालवलं जाणार नाही."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मायते सोरेन्सनांकडे गेली ती विम्याच्या कागदांवर सही घ्यायला. व्हर्लांनी दार उघडले नाही. लॅमार बाहेर आले, सही केली, आणि म्हणाले, "पोरगा रात्री जेवला. अपघातानंतर पहिल्यांदा नीट जेवला, कोठडीत. शेरीफनं सांगितलं." मग ते शेताकडे निघून गेले, बटाटे अजून जमिनीत होते.

जोलीन पायरीवर बसली होती. शेजारी कचऱ्याची काळी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कपडे. सरकारी बाई तिला न्यायला येणार होत्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं नाक खुपसायला?"

"कोणी नाही."

"व्हर्ला म्हणाल्या होत्या, अठरा झाले तरी राहा. कायमची. खोलीचा रंग निवडला होता मी. हिरवा." तिने पिशवीची गाठ आवळली. "मला काय झालं असतं? थोडे दिवस झाडू मारला असता कुठेतरी. किप वाईट नाहीये. मला त्यानं कधी परकं म्हटलं नाही."

"नाहीच तो वाईट. तुला सही म्हणजे काय, माहीत होतं?"

"नाव लिहायचं. मोठ्या माणसाचं नाव लागतं."

मायतेने तिला सांगितले. सोपे करून, पण काही न वगळता. मुलगी ऐकत राहिली.

"त्यांना माहीत होतं? सही करताना?"

"चष्मा लावून वाचलं होतं, म्हणाल्या."

"आणि मी चालवली म्हटल्यावर? तेव्हाही मागे नाही घेतली?"

"मी सुचवलं होतं. त्या साफ नाही म्हणाल्या."

जोलीनने पिशवीवर डोके टेकले आणि ती रडू लागली. लहान मुले रडतात तशी, मोठ्याने. मायतेला सांत्वन करता येत नसे. तिने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून दिली, तोंड वाकडे करून मुलीने ती प्यायली, आणि दोघी रस्त्याकडे पाहत बसल्या.

६

कंपनीचे शेवटचे कागद घेऊन मायते पुन्हा खोऱ्यात आली तेव्हा काढणी संपली होती आणि कालव्याच्या कडेला पांढरे दव गोठले होते. बाका कुबड्यांवर उभा राहू लागला होता. त्याची बायको आली होती. पैशांचे भांडण पुढे वर्षभर चालणार होते, पण ते आता सोरेन्सनांच्या दारात होते. निरोपसभेचे पाव मर्लीनने इस्पितळात पाठवले होते, कोणाला न सांगता. जोलीनला कुठे ठेवायचे, याचा निकाल लागला नव्हता. तोवर ती ऑर्फाबाईंकडे होती. तोवर म्हणजे किती, ते सरकारी बाईंनाही सांगता येत नव्हते.

संध्याकाळ होत आली होती. सूर्य मायतेच्या पाठीशी होता. चौकाच्या अलीकडे समोरून ऑर्फाबाईंची जुनी तपकिरी मोटार येताना दिसली, सावकाश, अगदी आपल्या बाजूने. काच आरशासारखी चमकत होती. आतले चेहरे दिसत नव्हते, खालचे स्टिअरिंग तेवढे दिसत होते.

मायतेने सवयीने दोन बोटे उचलली.

स्टिअरिंगवर दोन हात होते, शेजारी शेजारी, खिळे ठोकल्यासारखे. ते जागचे हलले नाहीत. मायतेला हसू आले.

आणि मग दुसऱ्या बाजूच्या उघड्या खिडकीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला, आणि चालवणारीच्या वतीने त्याने दोन बोटे वर केली.